ठोकळा कुठला, गोळा कुठला?

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास थेलीसपासून वाचायला घेतलास, पार्मेनिडीसपाशी गाडी रुतली, आणि आता हे आपल्याला झेपणारं नाही असं वाटू लागलंय. तसं काही नाही. जाडजूड इतिहास पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बहुतेक जण सॉक्रेटिस यायच्या आतच गळतात. क्रिकेट कळावं म्हणून कुणी शंभर वर्षांचे धावफलक वाचत बसत नाही. जाऊन एक सामना बघतो.

माझंही सुरुवातीला हेच झालं होतं, फक्त मी गळलो नाही, पाठांतर केलं. लॉक अनुभववादी (ज्ञान अनुभवातून येतं म्हणणारा), लायबनिझ बुद्धिवादी (ज्ञानाचा पाया बुद्धीत शोधणारा), कांटने दोघांचा समन्वय साधला. मार्क उत्तम पडले. मग तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, ‘‘लायबनिझचं तुम्हाला काय पटत नाही?’’ मी गप्प. लायबनिझ कुणाशी आणि कशावरून भांडत होता हेच मला ठाऊक नव्हतं, तर पटणार काय आणि न पटणार काय! म्हणून तुला यादी पाठवत नाही, एक भांडण पाठवतोय.

१६८८ साल, डब्लिन. विल्यम मॉलिन्यू नावाचा एक सुखवस्तू गृहस्थ. भिंगं, दुर्बिणी, प्रकाशाचे किरण हा त्याचा आवडीचा विषय. पुढे त्याने त्यावर ग्रंथही लिहिला. लग्नानंतर थोड्याच काळात त्याच्या बायकोची दृष्टी गेली होती. या मॉलिन्यूने इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या विचारांचा एका नियतकालिकात आलेला सारांश वाचला आणि त्याला एक प्रश्न लिहून पाठवला. तो असा: एक जन्मांध माणूस आहे. एकाच धातूचे, साधारण एकाच आकारमानाचे घन आणि गोल त्याला हाताने चाचपून अचूक ओळखता येतात. समज, त्याला अचानक दृष्टी आली. दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या आहेत. हात न लावता, नुसतं बघून, ठोकळा कुठला आणि गोळा कुठला हे तो सांगू शकेल का?

इथे थांब. खरंच थांब. एक चिठ्ठी घे, ‘हो’ किंवा ‘नाही’ लिही, खाली दोन ओळींत कारण लिही, आणि घडी घालून ठेव. मग पुढे वाच.

मॉलिन्यूच्या पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. १६९३मध्ये, आता दोघांचा स्नेह जुळला होता तेव्हा, त्याने तोच प्रश्न पुन्हा लिहिला आणि लॉकने तो आपल्या ‘अॅन एसे कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग’ या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत घातला. दोघांचंही उत्तर एकच होतं: नाही. लॉकला दुसरं काही म्हणता येणंच अवघड होतं. जन्मतः मन म्हणजे कोरा कागद (आपण मराठीत कोरी पाटी म्हणतो), त्यावर जे उमटतं ते अनुभवाने उमटतं. हाताला टोचणारा कोपरा डोळ्याला कसा दिसतो, हे डोळ्याने एकदा तरी अनुभवल्याशिवाय कळणार कसं?

लायबनिझने लॉकच्या ग्रंथाला प्रकरणागणिक उत्तर लिहिलं, संवादाच्या रूपात. पण १७०४मध्ये लॉक वारला. मेलेल्या माणसाशी वाद घालणं लायबनिझला रुचलं नाही, आणि ते हस्तलिखित त्याच्या स्वतःच्याही मृत्यूनंतर, १७६५मध्ये छापलं गेलं. त्याचं उत्तर: हो, पण एका अटीवर. समोर एक घन आणि एक गोल आहे एवढं त्या माणसाला आधी सांगायचं. मग तो विचार करेल. गोलावर एक जागा दुसरीपेक्षा वेगळी नसते, घनाला आठ कोपरे असतात. हा फरक हाताचा नाही आणि डोळ्याचाही नाही, तो आकाराचा आहे. आंधळ्याची भूमिती आणि जन्मभर अंथरुणावर पडून नुसतं पाहणाऱ्या पक्षाघाती माणसाची भूमिती शेवटी एकच ठरेल, असं तो म्हणतो. ही जोडी मला फार आवडते.

लायबनिझने इथे काय केलं बघ. त्याने प्रश्न किंचित हलवला. मॉलिन्यू विचारत होता, पाहताक्षणी ओळखेल का. लायबनिझने उत्तर दिलं, विचार करून ठरवू शकेल. तुला ही लबाडी वाटेल. मला वाटत नाही. प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत हे त्याने दाखवलं, आणि वाचताना नेमक्या याच जागा हेरायच्या असतात. कुठे प्रश्न हलला? हलवल्याने काय मिळालं?

आपली मराठी इथे कामाला येते. इंग्रजी एका क्रियापदावर भागवते तिथे आपण तीन वापरतो. ‘मला पत्ता माहीत आहे’, ‘मी त्याला ओळखतो’, ‘मला पोहता येतं’. मॉलिन्यूचा प्रश्न ओळखण्याचा आहे, लायबनिझचं उत्तर माहीत असण्याचं. पाठ्यपुस्तकात ‘ज्ञान’ असा एकच शब्द दिसला की मनात विचार, या तीनपैकी कुठलं? आणखी एक सावधगिरी. आपल्या न्यायशास्त्रात (कायद्याचं नव्हे, ‘न्याय’ हे तर्कावर भर देणारं भारतीय दर्शन) चुकीचं ज्ञानही ज्ञानच असतं. दोरी साप म्हणून दिसणं हेही ज्ञान, फक्त ते भ्रम. खऱ्या ज्ञानाला तिथे ‘प्रमा’ म्हणतात. पाश्चात्य ग्रंथांतल्या ज्ञानाला खरं तर ‘प्रमा’च जवळचा, पण रूढ झालं ते ‘ज्ञान’. त्याने विद्यार्थ्यांचा बराच घोटाळा होतो.

तिसरा भिडू डब्लिनचाच, जॉर्ज बर्कली. १७०९मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने दृष्टीविषयी एक पुस्तक लिहिलं आणि लॉकच्याही पुढे गेला. त्याच्या मते डोळ्याला दिसतो तो घन आणि हाताला लागतो तो घन या मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातलं नातं शब्द आणि अर्थ यांच्यातल्या नात्यासारखं. ‘पाणी’ हा शब्द कुठे ओला असतो? सवयीने आपण एकावरून दुसऱ्यावर जातो, आणि लहानपणापासून जात आल्यामुळे ते दोन आहेत हेच विसरतो. बर्कलीला ‘जग मनातच आहे म्हणणारा वेडा पाद्री’ म्हणून निकालात काढायची पद्धत आहे. तू ते करू नकोस. आधी दृष्टीवरचं हे पुस्तक वाच. माणूस किती काटेकोर होता ते कळेल.

तोवर सगळं खुर्चीत बसून चाललं होतं. १७२८मध्ये विल्यम चेसेल्डन या लंडनच्या शल्यवैद्याने एक हकिकत प्रसिद्ध केली. तेराएक वर्षांचा मुलगा, अगदी लहानपणापासून मोतीबिंदू, शस्त्रक्रिया झाली. सुरुवातीला त्याला वाटे की जे दिसतं ते डोळ्यांना चिकटलेलंच आहे. कुत्रं कुठलं आणि मांजर कुठलं हे तो सारखा विसरायचा आणि विचारायला लाजायचा. शेवटी एकदा त्याने मांजर पकडलं, हाताने चाचपून खात्री केली, तिच्याकडे टक लावून बघितलं आणि खाली सोडताना तिला सांगितलं, की पुढच्या वेळी ओळखीन हं तुला. या मुलापेक्षा चांगला ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कसं होतं या विचाराचा, शिक्षक मला अजून भेटलेला नाही.

पुढचा टप्पा आपल्या देशातला आहे. जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांची दृष्टी कशी घडत जाते याचा अभ्यास ‘प्रकाश’ या प्रकल्पात झाला. तो सुरू केला पवन सिन्हा या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकाने, आणि काम चालतं दिल्लीत. २०११मध्ये त्यांनी पाच मुलांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयं ८ ते १७. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारख्या वस्तू होत्या. डोळ्याने पाहिलेली वस्तू डोळ्याने ओळखणं मुलांना चांगलं जमलं, हाताची हाताने तर फारच छान. पण हाताने चाचपलेली वस्तू नुसती पाहून निवडायची म्हटल्यावर ती जवळजवळ छापा-काटा केल्यासारखी निवडू लागली. म्हणजे लॉक जिंकला? थांब. पुन्हा तपासलेल्या मुलांना काही दिवसांतच, कुणी खास शिकवलेलं नसताना, ते बरंच जमायला लागलं. कोरी पाटी इतक्या लवकर भरते का, की आत काही तयारी आधीपासून होती? शिवाय पट्टी नुकती सुटलेल्या डोळ्याला आकार नीट दिसतो असं कशावरून, हाही आक्षेप आहे. लायबनिझची अट तर या प्रयोगात नव्हतीच. तीनशे वर्षांनी भांडणाला पुरावा मिळाला, आणि तो पुरावा कशाचा यावर नवं भांडण लागलं. तू विज्ञान शाखेची. प्रयोग झाला की तत्त्वज्ञान संपतं असं तू पत्रात लिहिलं आहेस, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ म्हणजे न्यायसूत्रं. त्यांच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच ‘दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्’ या सूत्राने होते. जे मी डोळ्यांनी पाहिलं त्यालाच मी हाताने स्पर्श करतोय असं आपण म्हणतो. तेव्हा डोळा आणि हात यांच्याहून वेगळा, दोन्ही अनुभव जोडणारा कुणीतरी हवा, तो आत्मा. हे वाचून ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं म्हणायला लागलीस तर मी पुढचं पत्र लिहिणार नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, एकच वस्तू दिसते आणि लागते हे गृहीत धरून जाणणाऱ्यापर्यंत जातात. बर्कली नेमकं ते गृहीतच नाकारतो. दोघांना समोरासमोर बसवून बघ, एक महिना मजेत जाईल.

वाचायचं काय, तर लॉकच्या त्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातलं नववं प्रकरण, जेमतेम काही पानं. मग लायबनिझचं त्याच प्रकरणाला उत्तर. मग बर्कली. सतराव्या शतकातलं इंग्रजी जड जातं. जोनाथन बेनेट यांनी या तिघांचेही ग्रंथ आजच्या सोप्या इंग्रजीत आणून इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत, ते घे. आमच्या वेळी असतं तर मी गाइडं विकत घेतली नसती. त्यानंतर देकार्तचा १६४१मधला मेणाचा तुकडा: विस्तवाजवळ नेला, वास गेला, रंग गेला, आकार गेला, तरी ‘तेच मेण’ असं म्हणतं कोण, डोळे की बुद्धी? तिथून ह्यूम. कांट मात्र एवढ्यात नको. १७८१मध्ये त्याचा ‘क्रिटीक ऑफ प्युअर रीझन’ हा ग्रंथ आला तेव्हा तो स्वतः ५७ वर्षांचा होता, तुला दोन वर्षं थांबायला हरकत नाही. पण हाताचा अवकाश आणि डोळ्याचा अवकाश एकच कसा, हा प्रश्न डोक्यात घेऊन गेलीस तर त्याचं पहिलं प्रकरण तुला कोड्यासारखं नाही, उत्तरासारखं वाचता येईल.

दिवसाला चार पानांच्या वर जाऊ नकोस. समासात ‘सुंदर’, ‘महत्त्वाचं’ असलं काही लिहू नकोस. ‘का?’ लिही, किंवा ‘हे वरच्याशी जुळत नाही’ असं लिही.

दिवाळीत येशील तेव्हा ती घडी घातलेली चिठ्ठी घेऊन ये. मधल्या काळात उत्तर बदललं असेल तर खाडाखोड करू नकोस, खाली तारीख घालून नवं लिही. माझ्या चिठ्ठीवर अशा चार तारखा आहेत. सध्या मी लायबनिझच्या बाजूला आहे.

तुझा,
काका