बँका कर्ज देताना नवा पैसा तयार करतात, हा ‘पॉझिटिव्ह मनी’चा दावा खरा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : लंडनला शिकणारी तुमची बहीण ‘पॉझिटिव्ह मनी’ नावाच्या संस्थेच्या सभेला जाऊन आली आणि म्हणाली, बँका ठेवीदारांचे पैसे उचलून कर्जदाराला देत नाहीत, कर्ज देतानाच नवा पैसा तयार करतात. बी.कॉम.ला तुम्ही उलटं शिकलात. तेव्हा ही मंडळी विश्वासार्ह आहेत का, आणि त्यांना नेमकं हवंय काय?

बहीण बरोबर सांगतेय. तुमच्या पुस्तकात ‘पतपैशाची निर्मिती’ असा धडा असेल. आधी शंभर रुपयांची ठेव येते, दहा बाजूला ठेवून नव्वद कर्जाऊ जातात, ते फिरून दुसऱ्या बँकेत ठेव होतात, अशी ती साखळी. परीक्षेला ठीक आहे. शाखेत मात्र हे या क्रमाने घडत नाही.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी सांगली-कोल्हापूरकडे, कर्जाच्या टेबलावर. एकच व्यवहार सांगतो. १९८७ साल. एका शेतकऱ्याला पंपसेटसाठी बारा हजारांचं कर्ज मंजूर झालं. रोख रक्कम त्याच्या हातात द्यायची नाही, थेट पंपवाल्या डीलरला द्यायची, असा नियम. डीलरचं चालू खातं आमच्याच शाखेत. मी दोन व्हाउचरं केली : शेतकऱ्याच्या कर्जखात्याला बारा हजार नावे, डीलरच्या चालू खात्याला बारा हजार जमा. सही केली, लेजरला पाठवली. कॅशियरच्या पिंजऱ्याकडे कोणी फिरकलंसुद्धा नाही. तिजोरीतली नोट हलली नाही, कुठल्याही ठेवीदाराच्या पासबुकातला आकडा एका पैशाने कमी झाला नाही. संध्याकाळी डे-बुक टॅली झालं आणि आम्ही घरी गेलो. पण सकाळी गावात नसलेले बारा हजार रुपये संध्याकाळी डीलरच्या खात्यात होते, आणि तो त्यांवर चेक फाडू शकत होता.

अशा शेकडो नोंदी मी केल्या. आपण पैसा जन्माला घालतोय असं तेव्हा मनातही आलं नाही. आलं असतं तर सही जरा बऱ्या अक्षरात केली असती.

आता ‘हवेतून पैसा’ असं जे लोक म्हणतात त्यात अर्धीच गंमत आहे. डीलरने पुण्याच्या कंपनीला चेक दिला की तो क्लिअरिंगला येतो, आणि तिथे माझ्या बँकेला दुसऱ्या बँकेचं देणं रिझर्व्ह बँकेतल्या स्वतःच्या खात्यातून चुकवावं लागतं. ते पैसे लेजरमध्ये लिहून तयार होत नाहीत. म्हणून तर मार्च जवळ आला की मॅनेजर आम्हाला ‘डिपॉझिट आणा’ म्हणून पिटाळायचे. शिवाय सीआरआर (ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागतो तो), एसएलआर (जो मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो तो), भांडवलाचं प्रमाण, आणि कर्ज बुडालं तर होणारी चौकशी. इतके लगाम असतात. दुसरी गोष्ट लोकांच्या पचनी पडत नाही ती ही, की कर्ज फिटलं की तो पैसा नाहीसा होतो. त्या शेतकऱ्याने सहा वर्षांत हप्ते फेडले, तेव्हा मुद्दलाचे बारा हजार दोन्ही बाजूंनी पुसले गेले. बँकेच्या उत्पन्नात राहिलं ते व्याज.

आता संस्थेकडे वळतो. २००७च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. पुढच्या वर्षी तर मोठमोठ्या बँका सरकारी पैशावर तगवाव्या लागल्या. त्या रागातून जे गट उभे राहिले त्यांतला हा एक. बेन डायसन नावाच्या तरुणाने २०१० साली लंडनमध्ये तो सुरू केला. त्यांची पहिली काही वर्षं तुमच्या बहिणीने सांगितलेलं एवढं एकच वाक्य लोकांच्या गळी उतरवण्यात गेली. आणि गळी उतरवायची गरज होतीच. २०१४ साली त्यांनी खासदारांची पाहणी करवून घेतली, त्यात दहापैकी सात खासदारांना वाटत होतं की नवा पैसा फक्त सरकारच निर्माण करू शकतं. बँका कर्ज देताना तो तयार करतात हे दहातल्या एकालाच ठाऊक होतं. आपल्याकडे अशी पाहणी केली तर काय निघेल याचा अंदाज मी करत नाही.

त्याच वर्षी बँक ऑफ इंग्लंडने, म्हणजे खुद्द तिथल्या मध्यवर्ती बँकेने, आपल्या त्रैमासिकात तीन अर्थतज्ज्ञांचा एक लेख छापला. त्यात साफ लिहिलं होतं की ठेवी आल्यावर कर्ज दिलं जातं असं नसून कर्ज दिल्याने ठेव तयार होते, आणि लोकांकडच्या एकूण पैशात नोटा-नाण्यांचा वाटा जेमतेम ३ टक्के, उरलेले ९७ टक्के म्हणजे बँकांतल्या ठेवी. तेव्हा ‘ही कुणाची तरी टूम आहे’ असं तुम्हाला कोणी म्हणालं तर त्याला तो लेख दाखवा. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश संसदेत पैशाच्या निर्मितीवर चर्चा झाली. १८४४ नंतर, म्हणजे १७० वर्षांत, या विषयावरची ती पहिलीच असं सांगितलं गेलं. मांडणारे स्टीव्ह बेकर हे हुजूर पक्षाचे, म्हणजे हा फक्त डाव्यांचा विषय होता असंही नाही.

१८४४ का, तर त्या वर्षी पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी केलेल्या कायद्याने इंग्लंडमधल्या खासगी बँकांच्या नोटा छापण्याला लगाम घातला आणि ती सत्ता हळूहळू एकट्या बँक ऑफ इंग्लंडकडे गेली. पण खात्यातली ठेव म्हणजेसुद्धा पैसाच, हे कायद्यात आलं नाही. ती मोरी उघडी राहिली. ‘पॉझिटिव्ह मनी’ची मूळ मागणी एवढीच होती की पीलने नोटांचं जे केलं ते आता खात्यांवरच्या आकड्यांचंही करा. लोकांचा रोजच्या वापरातला पैसा मध्यवर्ती बँकेत राहावा. व्यापारी बँकांनी फक्त तेवढंच कर्जाऊ द्यावं जेवढं लोकांनी जाणूनबुजून, ठरावीक मुदतीसाठी गुंतवलंय. नवा पैसा किती काढायचा हे एका स्वतंत्र समितीने ठरवावं आणि तो सरकारी खर्चातून किंवा थेट नागरिकांच्या हाती बाजारात यावा. याला ते ‘सार्वभौम पैसा’ म्हणत.

कल्पना जुनी आहे. १९३०च्या महामंदीत शिकागोच्या प्राध्यापकांनी आणि अर्व्हिंग फिशर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने जवळपास हेच मांडलं होतं. त्याआधी फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रातल्या नोबेल विजेत्यानेही. २०१२ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या दोन संशोधकांनी शिकागो योजना पुन्हा मांडून पाहिली. स्वित्झर्लंडमध्ये तर जून २०१८ मध्ये सार्वमतच झालं. तिथल्या मध्यवर्ती बँकेचाही विरोध होता, आणि सुमारे ७६ टक्के मतदारांनी प्रस्ताव नाकारला.

मी तिथे असतो तर मीही नाकारला असता. कारण पुन्हा तो पंपसेट. ‘सार्वभौम पैशा’च्या व्यवस्थेत त्या बारा हजारांसाठी गावातल्या कोणीतरी आधी सहा वर्षं पैसे अडकवायला तयार हवं. आमच्या शाखेत पाच वर्षांची एफडी करणारे होते, पण त्यातले निम्मे दुसऱ्याच वर्षी कुणाच्या तरी आजारपणासाठी मोडायला येत. लोकांना पैसा हाताशी हवा असतो आणि पंपाला लांब मुदत हवी असते. ही ओढाताण बँक आपल्या अंगावर घेते, तेच तिचं काम आणि तोच तिचा धोका. ते काम बंद करून धोका जाईल, पण पंपही जाईल. आणि समितीला देशाला किती पैसा लागेल हे आधीच कसं कळणार? डावीकडच्या काही अर्थतज्ज्ञांनीही, म्हणजे ज्यांनी एरवी यांची बाजू घेतली असती त्यांनीच, या मुद्द्यावर त्यांना चांगलं फटकारलंय.

इथे मला बाबासाहेबांची आठवण होते. १९२३ साली लंडनमध्येच त्यांचा रुपयावरचा प्रबंध पुस्तकरूपाने आला. चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडायला त्यांचा ठाम विरोध होता. भारतीय चलनावरच्या १९२५च्या शाही आयोगापुढेही त्यांनी तेच मांडलं. काळ वेगळा, वाद वेगळा, पण ‘नवा पैसा सरकारच्या हाती द्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी ती बाजू वाचावी.

‘पॉझिटिव्ह मनी’वाल्यांनी पुढे ‘सार्वभौम पैशा’चा हट्ट सैल केला, आणि माझ्या मते त्यांचं खरं काम तिथून सुरू झालं. २००८च्या संकटानंतर बँक ऑफ इंग्लंडने नवा पैसा तयार करून रोखे, म्हणजे मुख्यतः सरकारची कर्जपत्रं, विकत घ्यायला सुरुवात केली. कोरोनानंतर तो आकडा ८९५ अब्ज पौंडांपर्यंत गेला. रोखे घेतले की व्याजदर पडतात, शेअर आणि घरं महागतात, म्हणजे ज्याच्याकडे आधीच आहे त्याला आणखी मिळतं. हे बँकेनेच २०१२ साली कबूल केलं होतं : पेन्शन वगळता लोकांच्या आर्थिक मालमत्तेपैकी ४० टक्के वरच्या ५ टक्के कुटुंबांकडे आहे. मग ‘पॉझिटिव्ह मनी’ने विचारलं, एवढा पैसा काढायचाच होता तर तो रोख्यांच्या बाजारातच का ओतला? घरं, रेल्वे, घरोघरचं इन्सुलेशन यांत का नाही? हा प्रश्न बिनतोड आहे. २०१८ मध्ये त्यांनी ब्रसेल्सला शाखा काढली, हवामानबदलाचा विषय मध्यवर्ती बँकांच्या दारात नेऊन बसवला. मार्च २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने बँक ऑफ इंग्लंडच्या कार्यकक्षेत तो लिहिलाही, अर्थात त्यामागे बरेच गट होते. व्याजदर ५.२५ टक्क्यांवर गेले तेव्हा रोखेखरेदीतून व्यापारी बँकांकडे साठलेल्या पैशावर मध्यवर्ती बँकच त्यांना भरभक्कम व्याज देतेय, हेही यांनी लावून धरलं.

आणि बेन डायसनचं काय झालं? २०१८ साली मध्यवर्ती बँकेच्या डिजिटल चलनावर बँक ऑफ इंग्लंडनेच काढलेल्या एका शोधनिबंधाच्या लेखकांत त्याचं नाव आहे. ज्या दाराबाहेर घोषणा दिल्या त्याच दारातून आत! यात वाईट काही नाही.

विश्वासार्हतेबद्दल म्हणाल तर ही प्रचार करणारी संस्था आहे, तिचे अहवाल वकिलाच्या युक्तिवादासारखे वाचावेत. पण आकडे दाखवून बोलणारे लोक आहेत. व्हॉट्सॲपवर ‘जगातल्या सगळ्या मध्यवर्ती बँका एका कुटुंबाच्या मालकीच्या’ असं जे फिरतं त्याच्याशी यांची गल्लत करू नका. बँक ऑफ इंग्लंड १९४६पासून आणि आपली रिझर्व्ह बँक १९४९पासून पूर्ण सरकारी मालकीची आहे.

त्यांचा आणखी एक मुद्दा मला घरीच पटला. माझ्या मामेभावाची निवृत्तीची रक्कम एका नागरी सहकारी बँकेत अडकली. तो मला फोनवर सारखं एकच विचारत होता, “दादा, पैसे माझेच आहेत ना?” मी त्याला सांगू शकलो नाही की खात्यात टाकले त्या दिवशीच ते कायद्याने बँकेचे झाले, तुझ्याकडे उरलं ते बँकेकडून येणं. तेव्हा ठेवीवरचा विमा एक लाखाचाच होता. फेब्रुवारी २०२०पासून तो पाच लाख झाला. यूपीआयने तुम्ही हलवता तेही असं येणंच. रिझर्व्ह बँकेचं थेट देणं म्हणजे खिशातली नोट, आणि डिसेंबर २०२२पासून प्रायोगिक सुरू झालेला ई-रुपया.

आजकाल ते ‘कर्जाला दिशा द्या’ म्हणतात, म्हणजे बँकांनी जमीनजुमल्याऐवजी उपयोगी कामांना कर्ज द्यावं यासाठी मध्यवर्ती बँकेने नियम करावेत. हे ऐकून मला हसू आलं. आपण हे १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर करत आलोय. बँकेच्या कर्जातले ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला, म्हणजे शेती, छोटे उद्योग अशांना, त्यात शेतीला १८. तो पंपसेट त्यामुळेच मंजूर झाला, एरवी कोणत्याही बँकेने त्या माणसाला दारात उभं केलं नसतं. पण मार्चचा शेवटचा आठवडाही मी पाहिलाय. रिजनल ऑफिसचा फोन : शेतीचं टार्गेट भरत नाही, काहीतरी करा. मग बाई मुलीच्या लग्नासाठी पाटल्या गहाण ठेवायला आल्या की आम्ही विचारायचो, “सातबारा आहे का घरी?” सातबारा जोडला की सोनेतारण कर्ज शेतीत जमा, कारण कागदावर ‘खत-बियाणे’. व्याजही कमी लागायचं, बाई खूश, साहेब खूश. पीक मात्र मांडवातच उगवायचं.

बहीण पुन्हा त्या सभेला गेली तर तिला एवढंच विचारायला सांगा : नियम झाल्यावर सातबारा तपासायला शेतावर कोण जाणार, आणि त्याला ३१ मार्चला फोन कोण करणार? काही उत्तर मिळालं तर इथे खाली लिहा, मला वाचायचंय.