वेगळं शिजवू नकोस

बाळा,

अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला रिपोर्टचा फोटो आणि खाली एकच ओळ: ‘बाई, दीक्षित की दिवेकर?’ म्हणजे दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित, की थोडं थोडं पण बऱ्याचदा खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर. वय 33, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, 6.1, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन 71 किलो, पोटाचा घेर 96 सेंटिमीटर. मला पहाटेपर्यंत झोप लागली नाही.

‘मी जाडा दिसत नाही’ असंही लिहिलंयस. नाहीच दिसत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. म्हणून काट्यापेक्षा टेप बघ. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटिमीटर ही हद्द. तू ती ओलांडलीस.

आता तो डाएट चार्ट. तुला किन्वा, ॲव्होकाडो, बदामाचं दूध आणि घरच्यांना नेहमीचा स्वयंपाक. मला हे अजिबात मान्य नाही. वेगळं शिजवू नकोस.

आमच्या ह्यांना 44व्या वर्षी साखर निघाली. त्या दिवसापासून त्यांचं वेगळं. उकडलेला दुधी, बिनफोडणीचं वरण, दोन कोरडे फुलके. शेजारीच मुलांच्या ताटात बटाट्याची भाजी, तूप लावलेल्या पोळ्या. एका रात्री पाणी प्यायला उठले, तर हे अंधारात फ्रिजचं दार धरून उभे, श्रीखंडाचा डबा बोटानं पुसत होते. मी ओरडले. दुसऱ्या दिवसापासून गोडाचे डबे शेजारच्या घरी ठेवायला लागले. बारा वर्षं असंच चाललं. गेले तेव्हा 56 चे होते.

‘पेशंटचं वेगळं करा’ असंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी शब्दन्‌शब्द पाळलं. शाळा, सासूबाई, दोन मुलं सांभाळून रोज दोन स्वयंपाक केले. याहून जास्त कोणी काय करायचं होतं? पण स्वतःच्या घरात त्या माणसाला चोरून खावं लागलं. आणि आज थोरल्यालाही गोळी सुरू आहे. त्याचं ताट मी कधी बदललंच नव्हतं.

म्हणून पातेलं एकच. तुमच्या कुकरला चार माणसांत किती डाळ लागते, विचार आईला. अर्धी वाटी असेल तर एक कर. वरण सगळ्यांचंच घट्ट होऊ दे. पानात कोशिंबीर आणि भाजी आधी, पोळी मागून, तीही चारऐवजी दोन. महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा संपत असेल तर तीनवर आण. दोनदा जेव नाहीतर चारदा, तुझ्या घराला दहा वर्षं झेपेल ते कर. एकट्यानं केलेलं पथ्य गणपतीपर्यंतसुद्धा टिकत नाही रे, किती वेळा सांगू?

अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या चाचणीत लोकांना वजन 7 टक्के घटवायला आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायला लावलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. तुझ्या वजनाचे 7 टक्के म्हणजे पाच किलो. जेवण झालं की बायकोला घेऊन बाहेर पड. मोबाइल घरी ठेव.

रविवारी आईला फोन दे, डाळीचं मीच बोलते. त्याआधी तिच्याही पोटाला टेप लाव. बायकांची हद्द 80. आकडा मला कळव.

तुझ्या बाई