महदाइसा, येसाई, म्हाळसा: ही नावं आज म्हणायची कशी?

प्रश्न असा आलाय की मुलीसाठी जुनं, आता फारसं कोणी ठेवत नाही असं मराठी नाव हवंय, महदाइसा, हिराइसा, येसाई, म्हाळसा, निर्मळा एवढी निवडून झालीत, पण घरात जो तो वेगळंच म्हणतो, कोणी 'महादैसा' कोणी 'यशाई', मग बरोबर काय.

महदाइसापासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त हाल त्याच नावाचे होतात. तेराव्या शतकातली ही महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींची शिष्या, रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्यासाठी धवळे म्हणजे लग्नातली गाणी रचणारी, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून शाळेतसुद्धा आपण तिच्याबद्दल वाचतो आणि तरी नाव घ्यायची वेळ आली की अडखळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नाव फोडून बघा म्हणजे जमेल. आधी मूळ नाव, त्याला चिकटलेली 'आई' आणि शेवटी आदराचा 'सा'. म्हणून मह-दा-इ-सा. 'दा' लांब, त्यानंतरचा 'इ' झटकन पण सुटा, दोन्ही मिळून 'दै' होत नाही. बोलताना 'ह' हलका होऊन 'मह्‌दाइसा' असं येतं ते अगदी नैसर्गिक आहे, त्याची काळजी नको. 'रखुमाई' म्हणताना आपण 'रखुमै' म्हणतो का? नाही ना, मग इथेही तसंच. गडबड होते ती बहुतेक इंग्रजी स्पेलिंगमुळे, ए आणि आय शेजारी दिसले की वाचणारा 'ऐ' करून टाकतो.

लीळाचरित्रात, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, या वळणाची नावं बरीच सापडतात, बाइसा, आउसा, हिराइसा. यातली हिराइसा तर मला फारच आवडते. लीळाचरित्राची मूळ पोथी हरवल्यावर ज्यांच्या पाठांतरावरून ते पुन्हा उभं केलं असं परंपरा सांगते त्यात ती होती आणि तिच्या नावाचा पाठ, म्हणजे ग्रंथाची तिच्या स्मरणातून आलेली प्रत, प्रसिद्ध आहे. 'आइसा' लिहायचं की 'आईसा' यावर भांडू नका, जुन्या पोथ्यांत ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमांनी लिहीतच नसत, म्हणायला दोन्ही एकच.

येसाई नामदेवांच्या घरातलं. आई गोणाई, बायको राजाई, मुलगी लिंबाई, आणि सुनांची नावं लाडाई, गोडाई, येसाई, साखराई, एका दमात म्हणून बघा किती गोड वाटतात! येसाईतला 'येस' म्हणजे 'यश'च, लोकांच्या तोंडी 'श'चा 'स' झाला आणि 'य'चा 'ये', येसाजी आणि येसूबाई ही नावंही याच शब्दावरून आलेली. त्यामुळे 'यशाई' असं 'सुधारून' म्हणायची गरज नाही, आणि येसू म्हणताना 'स' साफ ठेवा, नाहीतर ऐकणाऱ्याला येशू वाटतं.

म्हाळसामध्ये सुरुवातीलाच 'म्ह' आहे, म्हण, म्हैस, म्हातारी यातला. 'महाळसा' असं सोडवून म्हणू नये. 'ळ' अर्धा ऐकू येतो, म्हाळ्‌-सा. खंडोबाची म्हाळसा आणि बाणाई दोघींची नावं जेजुरीच्या वाटेवर कुणाच्याही तोंडून ऐका, लगेच कळेल.

निर्मळा ही चोखामेळ्याची बहीण, स्वतः अभंग रचणारी. इथे फक्त 'ळ' जपा, नाहीतर तिची निर्मला होते, ते नाव चांगलं आहे पण वेगळं आहे.

शिवाय च आणि ज. ही अक्षरं आपण दोन तऱ्हांनी उच्चारतो पण लिहितो एकच, त्यामुळे मराठीबाहेरच्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. चांगुणातला 'चां' चांगला मधला, चंद्र मधला नाही. जिजाऊत तर दोन्ही ज आहेत, पहिला जिरं मधला आणि दुसरा जागा मधला. नियम ढोबळमानाने असा की इ, ई, ए यांच्या आधी जीभ टाळूला लागते, बाकी स्वरांआधी अस्सल मराठी शब्दांत दातांकडे येते, पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हे मानत नाहीत (जन, चरण).

आणि प्रत्यय लागल्यावर काय? जुन्या वळणाने 'महदाइसेने धवळे रचले' असंच लिहितात आणि तिच्याबद्दल बोलताना मीही तसंच म्हणते. पण घरातल्या पोरीला हाक मारताना, तिची तक्रार सांगताना 'हिराइसाने दूध सांडलं' हेच तोंडात येणार, सीमाने, रेखाने म्हणतो तसं, आणि ते चूक नाही. रोजच्या हाकेसाठी हिरा, येसू असं छोटं रूप ठेवलंत तरी चालेल, जनाबाई स्वतःला अभंगात 'जनी'च म्हणवून घ्यायची. माझं मत विचाराल तर यादीतलं येसाई घ्या, म्हणायला सोपं आहे आणि हल्ली कुठे ऐकू येत नाही.