भारताकडे रेअर अर्थचे एवढे साठे असताना आपण चीनवर का अवलंबून आहोत? खाणी वाढवल्या की प्रश्न सुटेल ना? आणि पुण्यातल्या वाहन उद्योगाला खरंच फटका बसला का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते माझ्या खिशातून गेलंय. हो, बसला. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. ई-स्कूटरच्या मोटरचे रोटर (मोटरचा फिरणारा भाग) आम्ही जुळवून देतो, म्हणजे रोटरच्या खाचांत मॅग्नेट बसवणं, चिकटवणं, बॅलन्सिंग करणं, एवढंच काम.

हा मॅग्नेट म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा, निकेलचा चकचकीत मुलामा दिलेला तुकडा. बॉक्समध्ये प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये प्लास्टिकची चकती घातलेली असते. चकती काढून दोन तुकडे जवळ नेले की फटकन टाळी वाजावी तसे चिकटतात. मध्ये बोट सापडलं तर रक्त साकळलंच समजा. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या आठवड्यात त्याचं एक नख काळं होतं. म्हणून बसवायची पट्टी आम्ही पितळेची ठेवतो, लोखंडी हत्यार त्या टेबलाजवळ फिरकू देत नाही.

या तुकड्यात साधारण ३० टक्के निओडिमियम आणि त्याचं भावंड प्रासिओडिमियम असतं. ही दोन्ही ‘रेअर अर्थ’ नावाच्या गटातली मूलद्रव्यं. बाकी बहुतेक लोखंड आणि चिमूटभर बोरॉन. पण उन्हाळ्यात कात्रजचा घाट चढताना मोटर तापते, आणि तापली की साधा निओडिमियम मॅग्नेट दम सोडतो. तो टिकावा म्हणून त्यात त्याच गटातलं थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. भाजीत हिंग असावा इतपतच, पण त्याच्याशिवाय चालत नाही.

चीनने ४ एप्रिल २०२५ ला सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्या यादीत निओडिमियम नव्हतंच. डिस्प्रोशियम आणि टर्बियम होते, आणि ते असलेले मॅग्नेटही होते. म्हणजे हिंग अडवून सगळी पंगत थांबवली. आमच्याकडे तीन आठवड्यांचा माल होता. पलीकडच्या सप्लायरने एक फॉर्म धाडला: मॅग्नेट कशात बसणार, मोटर कोण घेणार, गाडी कुणाची, लष्करी वापर होणार नाही याची हमी. तो भरायचा, आपल्या सरकारचा शिक्का घ्यायचा, मग चिनी वकिलातीकडे पाठवायचा आणि वाट बघत बसायचं. मी बसलो. जुलैत बजाज ऑटोचे राजीव बजाज जाहीरपणे म्हणाले की इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ऑगस्ट हा शून्य उत्पादनाचा महिना ठरू शकतो. तोवर माझी दोन टेबलं रिकामी झाली होती.

त्याहून झोंबलं ते पुढचं. बंधन सुट्या मॅग्नेटवर होतं, तोच मॅग्नेट आत बसवलेली अख्खी मोटर चीनमधून आणायला अडचण नव्हती. आमच्या एका गिऱ्हाइकाने सरळ तेच केलं. त्यांनाही लाइन चालू ठेवायची होती, मी त्यांना काय बोलणार? पण मॅग्नेट बसवण्याचं जे काम भोसरीत होत होतं, तेही तिकडे गेलं.

आता साठ्यांकडे येतो. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे: देशात १३१.५ लाख टन मोनाझाइट आणि त्यात अंदाजे ७२.३ लाख टन रेअर अर्थ ऑक्साइड. मोनाझाइट म्हणजे केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्रच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं जड, पिवळसर-तपकिरी खनिज. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या एका जर्मनाला ते केरळहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत सापडलं. तेव्हा ते हवं होतं त्यातल्या थोरियमसाठी, गॅसबत्तीच्या जाळीला. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आणि तमाशाच्या फडावर जी पेट्रोमॅक्स जळायची, तिच्या जाळीतलं तेच थोरियम.

पुढे हेच थोरियम आडवं आलं. ते अणुइंधन ठरू शकतं, म्हणून मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली आलं आणि काम सरकारी आयआरईएलकडे (पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स) राहिलं. ही कंपनी १९५० ची. तिचा केरळातल्या अलुव्याचा कारखाना १९५२ पासूनचा आहे, म्हणजे या धंद्यात आपण चीनच्या आधी उतरलो होतो. पण वर्षाला रेअर अर्थ ऑक्साइड निघतं ते तीनेक हजार टनांच्या आतबाहेर. चीनचा २०२४ चा खाणकामाचा कोटा होता २ लाख ७० हजार टन.

मग खाणी वाढवा, असं तुम्ही म्हणाल. आमचं गाव बारामतीकडे आहे, त्यामुळे मला हे उसाच्या भाषेत कळतं. शिवारभर ऊस उभा आहे, पण गाळपाला कारखाना नाही, अशी आपली गत आहे. वाळूतून मोनाझाइट वेगळं करणं त्यातल्या त्यात सोपं. ते कॉस्टिक सोड्यात शिजवायचं, थोरियम बाजूला काढायचं, आणि मग खरी कसोटी सुरू होते. ही पंधरा-सोळा मूलद्रव्यं रसायनशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ जुळी आहेत. एकाला दुसऱ्यापासून सोडवायला द्रावकांच्या टाक्यांची रांगच्या रांग लागते, एकामागून एक शेकडो टप्पे. त्यातून ऑक्साइड मिळतं, ऑक्साइडचा धातू, धातूचं मिश्रण, त्याची मैद्यासारखी पूड (हवा लागली तर पेट घेते), ती चुंबकीय क्षेत्रात दाबायची, भट्टीत भाजायची, कापायची, मुलामा द्यायचा. तेव्हा कुठे माझ्या टेबलावरचा तुकडा होतो. जगातलं सुमारे ७० टक्के खाणकाम चीनमध्ये होतं, पण शुद्धीकरण आणि मॅग्नेट दोन्हींत त्यांचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास आहे. खरा गळा तिथे आवळलेला आहे.

याचा पुरावा आपल्याच घरात आहे. २०१० मध्ये चीनने जपानची रसद अडवली, तेव्हा जपान दुसरीकडे माल शोधायला बाहेर पडला. २०१२ च्या करारानुसार आपलं निओडिमियम जपानला जाऊ लागलं, कारण इथे मॅग्नेट बनवणारं कुणी नव्हतं. आणि त्याच काळात भोसरी-चाकणला आम्ही चीनचे मॅग्नेट मागवत होतो. ती निर्यात थांबवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या त्या जून २०२५ मध्ये!

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन मॅग्नेटची क्षमता उभी करण्यासाठी. चांगलं आहे. पण पाटीवर हिशेब मांडा. ६,००० टन मॅग्नेटला ३० टक्क्यांनी १,८०० टन निओडिमियम-प्रासिओडिमियम लागणार, घट वेगळी. आयआरईएलची क्षमता आहे सुमारे साडेचारशे टन. म्हणजे जेमतेम १,५०० टन मॅग्नेटचा माल. इथे तुमचा खाणीचा मुद्दा बरोबर ठरतो, आणि मी तो खोडत नाही. पण आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोशियम-टर्बियम अगदीच नगण्य आहे. ते दक्षिण चीनच्या आणि म्यानमारच्या मातीत आहे. हिंग बाहेरूनच आणावा लागणार, निदान सध्या तरी.

दुसरी गोष्ट भावाची. कुणी कारखाना काढला की चीन भाव पाडतो, आणि नवा गडी दोन वर्षांत झोपतो. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये आपल्या माउंटन पास खाणीच्या कंपनीला किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव बांधून दिला. आपल्याकडे उसाला एफआरपी असते, तसंच. तो आधार नसेल तर आपल्या सहा हजार टनांचं काय होईल, याची मला धास्ती आहे. आणि यात आम्ही खरेदी करणारेही निर्दोष नाही. २०१८ च्या सुमारास इथल्याच एकाने मॅग्नेट कापून, मुलामा देऊन द्यायची तयारी दाखवली होती. त्याचा दर चीनपेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त होता. मी कोटेशन ड्रॉवरमध्ये टाकलं. तो आता किचन ट्रॉल्या बनवतो.

कोकणातल्या काळ्या वाळूबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून: रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर जे काळं चमकतं ते मुख्यतः इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिज. त्यासाठी किनारा खणून रेअर अर्थचा प्रश्न सुटणार नाही. ओडिशात जिथे मोनाझाइटसाठी वाळू उचलतात, तिथून ऋषिकुल्या नदीचं मुख जवळ आहे, आणि तिथे ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी अंडी घालायला येतात. वाळू उचलायची तर हेही बघावं लागतं.

सध्या आम्ही फेराइटचा रोटर करून बघतोय. फेराइट म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम, स्पीकरच्या मागे असतो तो काळा मॅग्नेट. इथे मिळतो, स्वस्त आहे, फक्त ताकद दहाव्या हिश्श्याची. जुना रोटर मी एका हाताने उचलतो. नवा उचलायला आमचे फिटर काका आधी कंबरेला पट्टा बांधतात. गिऱ्हाइकाचा इंजिनिअर म्हणतो, "काका, ही मोटर स्कूटरमध्ये बसणार कुठे?" काकांनी त्याला डिकी दाखवली.