योगप्रश्न : आधी दुखणं सांगा, मग मॅट अंथरा

मागच्या अंकात शीर्षासनाचा फोटो छापला होता, त्यावरून या महिन्यात पत्रांचा ढीग आलाय. बहुतेकांनी विचारलंय की हे आसन चांगलं का वाईट. आसन कुणी करायचं ते कळल्याशिवाय मला याचं उत्तर देता येत नाही, म्हणून ज्यांनी स्वतःचं दुखणं मोकळेपणाने लिहून पाठवलंय अशी चार पत्रं आज घेतलीयत.

प्रश्न : माझं वय ५८. बीपीची गोळी चालू आहे, दोन वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला, रोज डोळ्यात थेंब घालते. सोसायटीत सकाळी योगाचा क्लास सुरू झालाय, सगळ्या जणी शीर्षासन शिकतायत. मी भिंतीला टेकून केलं तर चालेल का? सरांना डोळ्यांचं अजून बोलले नाहीये. (सांगली)

उत्तर : नाही ताई, भिंतीला टेकूनसुद्धा नाही. भिंत तुम्हाला पडू देणार नाही एवढंच, डोळ्यातलं प्रेशर काही तिच्याने थांबत नाही. काचबिंदूत या प्रेशरमुळेच डोळ्यामागची नस हळूहळू खराब होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही, मोतीबिंदूसारखं ऑपरेशन केलं आणि पुन्हा लख्ख दिसायला लागलं असं यात होत नाही. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी योग करणाऱ्या ७५ जणांचं प्रेशर मोजलं होतं, ते २००६ साली छापून आलं, शीर्षासनात प्रेशर जवळजवळ दुप्पट होत होतं. खाली आलं की ते उतरतं, हे खरंय. पण जे कमी ठेवायला तुम्ही रोज न चुकता थेंब घालताय तेच रोज सकाळी हाताने वाढवायचं कशाला?

आणि नुसतं शीर्षासन सोडून भागणार नाही. सर्वांगासन, हलासन, विपरीत करणी हीसुद्धा नकोत, आणि सूर्यनमस्कारातलं पर्वतासन, ज्याला अधोमुख श्वानासन म्हणतात, ते तर कुणाच्या लक्षातच येत नाही कारण पाय जमिनीवर असतात. डोकं मात्र खालीच असतं ना! २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी डोकं खाली जाणारी चार आसनं तपासली तर प्रेशर सगळ्यात जास्त याच आसनात वाढलं. तुमच्यासाठी सोपा नियम म्हणजे डोकं हृदयाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. ताडासन, भिंतीजवळ वीरभद्रासन, खुर्चीवर बसून हात-खांद्यांचे प्रकार, अनुलोम-विलोम असं पुष्कळ उरतं, फक्त श्वास कोंडून धरायचा नाही. शवासनातून उठताना आधी कुशीवर वळा, मिनिटभर थांबा, मग हाताच्या आधाराने उठा, बीपीच्या गोळ्यांवर असताना झटकन उठलं की गरगरतं.

सरांना उद्याच सांगा. सगळ्यांसमोर संकोच वाटत असेल तर चिठ्ठी द्या. यात मीही चुकलेय. खूप वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक बाई हलासन करायच्या, मानेचा त्रास आहे का हे मी त्यांना कधी विचारलंच नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही, एक दिवस हाताला मुंग्या सुरू झाल्या त्या काही दिवस राहिल्या. त्या बऱ्या झाल्या, पण ती भीती मला अजून आठवते. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी कुणालाही आसन शिकवत नाही, आधी बीपी, शुगर, डोळे, मान, कंबर, गुडघे, हर्निया, झालेली ऑपरेशन्स, चालू गोळ्या सगळं लिहून घेते. मान चांगली असणाऱ्यांनाही सर्वांगासन शिकवताना खांद्याखाली घड्या घातलेली ब्लँकेट्स देते, पुण्याच्या अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीत देतात तशी, म्हणजे वजन खांद्यांवर राहतं आणि मान चेपली जात नाही.

प्रश्न : वय ४४, बँकेत नोकरी. एमआरआयमध्ये कमरेची गादी सरकलेली निघाली, डाव्या पायात कळ येते. आमच्या ग्रुपमध्ये रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घालतात, दरवर्षी मी असतोच. सवय आहे तर हळूहळू घातले तर? (नाशिक)

उत्तर : दादा, सूर्यनमस्कारावर आपल्याकडे किती जीव आहे ते मला माहितेय, औंधच्या पंतप्रतिनिधींनी तर आपल्या संस्थानातल्या शाळांमधून मुलांना ते शिकवले. तरी या वर्षी नको. जरा हिशोब करून बघा, बारा स्थितींच्या एका नमस्कारात हस्तपादासन दोनदा येतं, म्हणजे १०८ नमस्कारात २१६ वेळा पुढे वाकणं. पाठ गोल करून वाकलं की मणक्यांमधली गादी पुढच्या बाजूने दाबली जाते आणि आतला मऊ भाग मागे, नसेकडे सरकतो, तुमची कळ तिथूनच येतेय. हळू घातले तरी वाकणं तेवढंच होणार. पश्चिमोत्तानासन, हलासन आणि जोर लावून पाठ पिळणारी आसनंही सध्या बंद.

भुजंगासनाने काहींना बरं वाटतं आणि काहींचं दुखणं वाढतं, म्हणून फिजिओथेरपिस्टला दाखवून त्यांच्यासमोरच करून बघा. ओळखायचं असं की कळ पायातून वर कमरेकडे येत गेली तर बरं चाललंय, खाली पोटरीकडे, बोटांकडे जायला लागली तर लगेच थांबा. आणि बसायची जागा किंवा मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, लघवी कळेनाशी झाली किंवा पाऊल उचलेना तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा. रथसप्तमीला ग्रुपसोबत जरूर जा, मंत्र म्हणा, मोजायचं काम घ्या, त्यांनाही कुणीतरी मोजणारा लागतोच की.

प्रश्न : जेवल्यावर रोज अर्धा तास वज्रासनात टीव्ही बघतो. उठल्यावर पाय बधिर असतो. हे चालतं का? (लातूर)

उत्तर : जेवणानंतर चालणारं आसन म्हणून वज्रासन प्रसिद्ध आहे, बाकीच्या आसनांना पोटभर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावे लागतात. पण अर्धा तास फार झाला काका. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला एक नस अगदी कातडीजवळून जाते, ती फार वेळ दबली की पाऊल वर उचलणारे स्नायू लुळे पडू शकतात, मग चालताना चप्पल पायातून निसटते. पाच-दहा मिनिटं बसा, नितंबांखाली चादरीची जाड घडी घ्या, मुंग्या आल्या की पाय सोडा. बधिरपणा थोड्या वेळात गेला नाही तर डॉक्टर. गुडघे झिजलेले असतील तर हे आसन सोडूनच द्या.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. लग्नाआधीपासून रोज कपालभाती करते, सासूबाई म्हणतात बंद कर, व्हिडिओत म्हणतात सगळ्यांना चालते. (पुणे)

उत्तर : सासूबाईंचं ऐक गं. कपालभाती, भस्त्रिका दोन्ही बंद, त्यात पोटाला सारखे झटके बसतात. पोटावर झोपून करायची आसनं, जोराचे पीळ, उलटी आसनंही नकोत. आता बराच वेळ पाठीवर पडून राहू नकोस, वाढलेल्या गर्भाशयाचं वजन मागच्या मोठ्या शिरेवर येतं आणि चक्कर येते, शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कर. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर बद्धकोनासन, भिंतीला धरून ताडासन, श्वास न कोंडता अनुलोम-विलोम चालेल. रक्त दिसलं, पोट दुखलं, पाणी गेल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन कर. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझर झालं तर, कपालभाती पुन्हा कधी धरायची ते त्यांनी टाके आणि पोट तपासल्यावरच ठरव. व्हिडिओवाल्यांना तुझा पाचवा महिना माहीत नाही.