इमारतीचा शेजार

सप्रेम नमस्कार.

तुझा लेख वाचला. जुन्या दगडी वस्तीत उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीवर तू सडकून टीका केली आहेस. तुझा राग मला आवडला. इमारतींवर रागावण्याइतका जीव लावणारी माणसं थोडीच असतात. पण लेखभर तक्रार एकच आहे: ती शेजारच्या इमारतींसारखी दिसत नाही. एवढ्यावर निकाल देता येणार नाही. नवी इमारत शेजाऱ्यांशी वागते कशी, हे आधी बघ.

पॅरिसच्या लूव्र या जुन्या राजवाड्यात आज संग्रहालय आहे; त्याच्या अंगणातला काचेचा पिरॅमिड घे. वास्तुविशारद आय. एम. पेई यांचा आराखडा बाहेर आला तेव्हा पॅरिसमध्ये गदारोळ उठला. राजवाड्याच्या मधोमध काच आणि पोलाद म्हणजे लोकांना तो अपमान वाटला. तपशिलात शिरलं की चित्र बदलतं. पिरॅमिडची उंची साधारण २१ मीटर, राजवाड्याच्या उंच भागांपेक्षा बरीच कमी. नेहमीच्या काचेत हिरवट झाक असते, तिच्यातून मागचा फिकट पिवळसर दगड निस्तेज दिसला असता. म्हणून जवळजवळ रंगहीन काच मुद्दाम बनवून घेतली. राजवाड्याच्या तिन्ही बाजूंच्या दालनांना मिळून एक प्रवेश हवा होता. त्यासाठीचा मोठा दिवाणखाना सगळा जमिनीखाली गेला, वर राहिलं फक्त त्याचं छप्पर. मला सर्वांत मोलाची वाटते ती १९८५ सालची गोष्ट: पेईंनी अंगणातच केबल ताणून पिरॅमिडची खऱ्या मापाची बाह्यरेखा उभी केली आणि शहराला ती बघायला दिली. कागदावरचं भांडण जागेवर आणलं. १९८९ साली पिरॅमिड उघडला. तो राजवाड्यासारखा मुळीच दिसत नाही, तरी राजवाड्याचं काही हिरावून घेत नाही.

त्याच शहरात १९७३ साली पूर्ण झालेला माँपार्नास मनोरा आहे, सुमारे २१० मीटर उंच. तो कुठूनही डोळ्यांसमोर येतो, आणि ज्यांनी त्याच्याकडे बघायचं ठरवलेलं नाही त्यांच्याही. चारच वर्षांत पॅरिसने उंचीवर कडक बंधनं घातली. दोन्ही वास्तू धाडसी आहेत. पण एकीने आधी आजूबाजूला पाहिलं, दुसरीने नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजाराला त्रास होतो तो बहुतेक वेळा शैलीचा नसतोच. तो ऊन, वारा आणि पायाखालच्या जमिनीचा असतो. लंडनमधल्या २०, फेनचर्च स्ट्रीट या इमारतीची दक्षिणेकडची काचेची बाजू अंतर्गोल आहे. २०१३च्या उन्हाळ्यात तिने सूर्यकिरण एकवटून खालच्या रस्त्यावर टाकले आणि उभ्या मोटारीचे भाग वितळले. पुढे त्या काचांवर सनशेड बसवावे लागले. लॉस एंजेलिसच्या डिस्ने कॉन्सर्ट हॉलचे काही चकचकीत पोलादी पत्रे समोरच्या घरांत झळ फेकत होते. ते घासून मंद करावे लागले. कोणत्याही शैलीची बाजू घेण्याआधी हे प्रश्न विचारायला हवेत: सावली कुणाच्या खिडकीवर पडते? पायथ्याशी वारा कसा वळतो? तळमजल्याला दारं-खिडक्या आहेत, की चालणाऱ्याला लांबच लांब कोरी भिंत?

पॅरिसमधल्या पाँपिदू या कलाकेंद्राच्या बाहेर काढलेल्या नळ्यांनी (निळ्या हवेच्या, हिरव्या पाण्याच्या, पिवळ्या विजेच्या) लोक आजही बिचकतात. मलाही त्या भोवतालच्या गल्ल्यांशी जुळतात असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण त्याचे वास्तुविशारद रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी मिळालेल्या जागेपैकी जवळजवळ निम्मी मोकळी सोडली. तिथे उतरता चौक केला, कुणालाही तिकीट न काढता बसण्यासाठी. दाटीच्या वस्तीला यापेक्षा मोठी भेट कुठली? नळ्यांवर टीका करायची तर चौकही हिशेबात धर.

उलट टोकाचा मोहही ओळखून ठेव. जुन्याच्या शेजारी जुन्याची नक्कल बांधली की प्रश्न सुटला, असं पुष्कळांना वाटतं. पातळ दगडाचे तुकडे चिकटवून केलेली खोटी कमान मला काचेच्या ठोकळ्याहून जास्त खुपते, कारण तिच्यामुळे शेजारची खरी कमानही संशयास्पद वाटू लागते. लंडनच्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयाला १९९१ साली जोडलेली सेन्सबरी विंग मला म्हणून अभ्यासण्यासारखी वाटते. दगड मूळ इमारतीचाच, भिंतीतले अर्धस्तंभही तिचेच. पण ते जुन्या इमारतीजवळ दाटीने येतात आणि दूर जाताना विरळ होत संपतात. नातं कबूल केलं आहे, वय लपवलेलं नाही.

आता एक कामाची सूचना. जाहिरातीतल्या चित्रांवरून मत बनवू नकोस. त्यांत आकाश नेहमी निरभ्र असतं आणि शेजारच्या इमारती धूसर किंवा गायब. वास्तुविशारदाकडे छेदचित्र (इमारत उभी कापली तर दिसेल तसं रेखाटन) माग, ज्यात दोन्ही बाजूंच्या इमारती खऱ्या उंचीने काढल्या असतील. हिवाळ्यातल्या सकाळची सावली कुठवर जाते तेही विचार. ते चित्र मिळालं नाही, तर तुझ्या पुढच्या लेखाची सुरुवात तिथूनच कर.

लोभ असावा.