वाचकांचे प्रश्न : नवा अल्टरनेटर, जुनी वायर

प्रश्न : आमच्या लाकडी मासेमारी नौकेला चार सिलिंडरचे डिझेल इंजिन असून वायरिंग 12 व्होल्टचे आहे. जुना 55 अँपिअरचा अल्टरनेटर जळाल्यामुळे नारळी पौर्णिमेपूर्वी 70 अँपिअरचा नवा बसवला. इंजिन सुरू केल्यावर चार्जिंग येतच नाही. एकदा जोरात रेस केले की येते. त्यानंतरही बॅटरीवर मीटर 13.1 व्होल्टच्या पुढे जात नाही आणि जाड वायर हाताला गरम लागते. दुकानदाराने अल्टरनेटर बदलून दिला, तोही तसाच निघाला. मेस्त्री तिसरा आणायला सांगतात. त्याच सुमारास पॅनेलमधील सगळे दिवे एलईडीचे करून घेतले आहेत. काय करावे? (एक नौकामालक, हर्णै)

उत्तर : तिसरा आणू नका. दोन नवे नग अगदी एकाच तऱ्हेने बिघडलेले निघणे संभवत नाही आणि आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या एलईडीच्या वाक्यातच अर्धे उत्तर आहे.

किनाऱ्यावर ज्याला अजूनही सर्रास ‘डायनामो’ म्हणतात, त्या अल्टरनेटरच्या रोटरमध्ये सहसा कायमचा लोहचुंबक नसतो. रोटरच्या गुंडाळीला सुरुवातीला थोडा प्रवाह बाहेरून मिळाला, तरच तिच्यात चुंबकत्व येते आणि तो प्रवाह चावीकडून चार्जिंगच्या दिव्यातून ‘डी प्लस’ टर्मिनलला पोहोचतो. म्हणजे तो दिवा नुसता इशारा देण्यापुरता नसून वायरिंगचा एक कामाचा भाग आहे. जुना 3 वॅटचा बल्ब सुमारे पाव अँपिअर प्रवाह जाऊ देत असे. एलईडी त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही देत नाही. त्यामुळे अल्टरनेटर फिरतो, पण निजलेलाच राहतो आणि आपण रेस केल्यावर लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वाच्या बळावर कसाबसा जागा होतो. चार्जिंगच्या जागी 12 व्होल्ट, 3 वॅटचा साधा बल्ब परत लावा किंवा एलईडी ठेवायचाच असेल तर त्याला समांतर 56 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर जोडून घ्या.

त्याआधी एक खात्री करावी. इंजिन बंद ठेवून चावी चालू करा, डी प्लसची वायर अल्टरनेटरवरून काढा आणि तिचे टोक इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला क्षणभर टेकवा. बल्ब पेटला तर पॅनेलपासूनची वायर शाबूत आहे; न पेटल्यास दोष वायरीत, बल्बमध्ये किंवा चावीत आहे. मात्र टेकवायची ती काढलेली वायर, अल्टरनेटरचे टर्मिनल नव्हे. वायर परत जोडल्यावर चावी चालू व इंजिन बंद असताना डी प्लसवर साधारण 1 ते 2 व्होल्ट दिसावेत. इंजिन चालल्यावर तिथे बी प्लसइतकाच (बॅटरीकडे जाणारी जाड वायर जिथे जोडतात त्या बोल्टाइतकाच) विद्युत दाब, म्हणजे व्होल्टेज येतो, दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब झाल्याने प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो. चालू इंजिनावर तो मंद तेवत राहिला, तर मात्र आतल्या डायोडचा (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचा) संशय घ्यावा.

13.1 व्होल्टचे दुखणे वेगळे आहे. बॅटरी उतरलेली असताना इंजिन मध्यम वेगात ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या प्लस खांबावर धरा. थिंबलवर (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) धरू नका, कारण गंज बहुधा थिंबल आणि खांब यांच्यामध्येच असतो. नंतर अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस खांब यांच्यामध्ये मोजा. प्रत्येक बाजूला 0.2 व्होल्टपेक्षा फारसा फरक नसावा. वायर गरम होते यावरून ती 6 चौरस मिलिमीटरच्या आसपास असावी असे वाटते. जाऊन-येऊन 6 मीटर अंतर धरल्यास तिचा रोध 0.0175 ओहम होतो आणि 60 अँपिअरला तब्बल 1.05 व्होल्ट वायरीतच खर्च होतात. अल्टरनेटर आपल्याजवळचे 14.2 व्होल्ट मोजून समाधानी असतो, बॅटरीला 13.1 मिळतात. 25 चौरस मिलिमीटरची वायर घातल्यास हा तोटा पाव व्होल्टवर येतो. शक्य असल्यास कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्या. साध्या तांब्यावर खाऱ्या हवेत हिरवट गंज चढतो आणि तो इन्सुलेशनच्या आतपर्यंत सरकत जातो. मायनस बाजूलाही तितकीच जाड वायर हवी. अल्टरनेटर ज्या ब्रॅकेटवर बसला आहे तो नव्याने रंगवला असेल, तर बोल्टाखालचा रंग खरवडून काढा. रंगाच्या थरातून अर्थिंग मिळत नाही.

एक सक्त सूचना: चार्जिंग होते का हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची जुनी रीत कोणी सुचवली, तर ऐकू नका. त्या क्षणी दाब एकदम उसळतो आणि डायोड जातात, कधी त्यांच्यासोबत फिश फाइंडरही.

प्रश्न : अल्टरनेटर बदलल्यापासून आरपीएम मीटर 1600 ऐवजी 2000 दाखवतो. इंजिनाचा आवाज मात्र पूर्वीसारखाच आहे. (एक वाचक, मालवण)

उत्तर : आपल्या कानावर विश्वास ठेवा. हा मीटर अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरील स्पंदने मोजतो आणि ती पुली व आतल्या ध्रुवांच्या संख्येवर ठरतात. जुनी पुली 75 मिलिमीटरची आणि नवी 60 ची असल्यास अल्टरनेटर सव्वापट वेगाने फिरतो व 1600 चे बरोबर 2000 होतात. दोन्ही पुल्या मोजून पाहा. जुनी पुली नव्या दांड्यावर बसत असेल तर ती बदला, नाहीतर मीटरच्या मागचा समायोजनाचा स्क्रू फिरवून आकडा जुळवून घ्या.